ठिपका कुठला लावू?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, आदरणीय सर, व्यासपीठावर बसलेल्या यंत्रविभागाच्या डॉक्टर मॅडम, जिच्यासाठी आपण सगळे हातातली कामं संपवून, काही जण न संपवताच, इथे जमलो आहोत ती आजची सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या बाई, पहिल्या रांगेतले बाईंचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची लेक, रक्तविभाग, क्ष-किरण विभाग आणि नोंदणी खिडकीचे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले बाकीचे सगळे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला आठ मिनिटं दिलेली आहेत. घरी घड्याळ लावून वाचलं तेव्हा एकोणीस मिनिटं झाली. मग मी भराभर वाचून पाहिलं, तेव्हा अठरा झाली. जे उभे आहेत त्यांची मी आधीच माफी मागतो.

काही जण मला ओळखत नसतील. मी जंतूविभागात काचसामान धुतो, निर्जंतुक करतो, स्लाइडवर नमुने पसरवतो आणि नोंदवहीत लिहितो. माझं शिक्षण बारावीच्या उंबरठ्यापर्यंत झालं, आत जाता आलं नाही. माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात, त्यामुळे अक्षर आणि शुद्धलेखन या दोन गोष्टी घरातूनच मिळाल्या. विभागात मला 'वेलांटी' म्हणतात. सुरुवातीला चिडवायला म्हणायचे, आता हाक मारायला म्हणतात. प्रयोगशाळेतून बाहेर जाणारा प्रत्येक मराठी कागद एकदा माझ्याकडे येतो.

मघाशी सरांनी वाचून दाखवलेलं मानपत्रही आलं होतं. मानपत्र सुंदर आहे. त्यात अकरा चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे, ते पुन्हा वाचतो. "नव्या यंत्राच्या पहिल्या चाचणीत बाईंच्या हातून झालेली गंभीर चूक त्यांनी मोठ्या मनाने मान्य केली, हा त्यांच्या प्रांजळपणाचा दाखला होय." या वाक्यात 'गंभीर' आणि 'परीक्षा' चुकले होते. 'परीक्षा' खोडून 'चाचणी' केलं, 'गंभीर' दुरुस्त केलं. तरीही त्या वाक्यात एक चूक राहिली. ती चूक बाईंच्या हातून झाली नव्हती. माझ्या हातून झाली होती.

इथे माझ्या कागदावर 'थांबणे' असं लिहिलं आहे. थांबतो.

बाई मला बसायची खूण करताहेत. बाई, मी ही खूण ओळखतो. आपण विभागात हीच खूण करता, तिचा अर्थ 'प्लेटवर झाकण ठेव' असा आहे. पण आता झाकण उघडलं आहे, आणि आपलाच नियम आहे की उघडलेल्या प्लेटचं काम अर्धवट सोडायचं नाही.

हा प्रसंग सांगण्याआधी बाईंबद्दल चार शब्द बोलणं माझं कर्तव्य आहे, आणि सत्कारात ते आधी यायला हवेत.

बाई या प्रयोगशाळेत तेहेतीस वर्षं होत्या, आज निवृत्त होताहेत. त्यांचं काम काय, हे जंतूविभागाबाहेर फार कमी जणांना माहीत असेल. कुणाच्या जखमेतला, कुणाच्या रक्तातला नमुना येतो. तो प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाद्य घातलेल्या झाकणाच्या बशीत, पसरायचा आणि उबदार कपाटात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी जंतू वाढलेले दिसतात. मग ते जंतू नव्या प्लेटवर पसरून त्यांच्यावर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि पुन्हा एक रात्र थांबायचं. ज्या चकतीभोवती जंतूंनी जागा सोडून स्वच्छ गोल कडं तयार केलं, ते औषध लागू. ज्या चकतीला जंतू येऊन खेटले, त्या औषधाला ते दाद देत नाहीत. कड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची. बाईंची पोलादी पट्टी तेहेतीस वर्षं तीच आहे. तिच्यावरचे पहिले दोन सेंटिमीटर पुसून गेले आहेत, म्हणून बाई दोनपासून मोजतात आणि मनातल्या मनात दोन वजा करतात. मी एकदा नवी पट्टी आणून दिली. बाई म्हणाल्या, "ठेव. ही बिघडली की वापरू."

सुरक्षेच्या नियमात लिहिलं आहे की प्लेटचा वास घेऊ नये. बाई प्लेट उघडली की म्हणायच्या, "हा तो द्राक्षाच्या वासाचा दिसतोय." तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "आपण वास घेता का?" बाई म्हणाल्या, "मी नाही घेत. तो येतो."

काका, आपण हसलात. घरीही असंच चालत असणार, याची मला खात्री होती.

बाईंचा विभागातला एक नियम मला इथे सांगितलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. नियम असा, की जे काही विचारायचं ते झाकण उघडण्याआधी विचारायचं. प्रश्न कितीही बावळट असला तरी चालेल. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बाई, हात आधी धुवायचे की नंतर?" बाकीचे हसले. बाई म्हणाल्या, "आधीही आणि नंतरही. आणि हसणाऱ्यांनी आत्ता."

आता यंत्राकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी मॅडम आमच्याकडे आल्या आणि त्यांच्याबरोबर यंत्र आलं. त्यासाठी खोली रिकामी केली, थंड हवेची सोय केली, दाराला जाड काळा पडदा लावला. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही. आमच्या विभागाला पंखा मागून चार वर्षं झाली होती. बाईंनी सगळी व्यवस्था पाहिली आणि विचारलं, "जावईबापू कधी उतरणार म्हणे?" तेव्हापासून यंत्राचं नाव जावई पडलं. मॅडमना ते आधी आवडलं नाही. नंतर एकदा यंत्र तीन दिवस काही न बोलता बंद पडलं, तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "रुसलेत."

यंत्र काय करतं, हे मॅडमनी मला एकदा समजावून सांगितलं आणि मला ते समजलं, यावरून त्या किती चांगलं सांगतात ते लक्षात येईल. लेसरचा बारीक किरण जंतूंवर सोडतात. बराचसा प्रकाश गेला तसाच परत येतो. अगदी थोडा प्रकाश किंचित बदलून येतो. जंतूंच्या अंगात जे जे आहे त्याप्रमाणे तो बदलतो. त्या बदललेल्या प्रकाशाचा पडद्यावर आलेख निघतो, उंचसखल डोंगरांच्या रांगेसारखा. आता जंतूंना अर्धा तास औषधात ठेवलं आणि मग किरण सोडला. औषध लागू पडत असेल तर जंतूंच्या अंगात गडबड उडते आणि डोंगर हलतात. लागू पडत नसेल तर डोंगर जागचे हलत नाहीत. बाई म्हणाल्या, "म्हणजे औषध घेऊन ज्याचा चेहरा पडत नाही, तो आपला नाही." मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच." चकत्यांच्या प्लेटवर आणखी एका रात्रीनंतर मिळणारं उत्तर असं तासाभरात मिळतं. ताप चढलेल्या माणसाला एक रात्र म्हणजे किती, हे मी वेगळं सांगायला नको.

पण यंत्राला आधी शिकवावं लागतं. ज्यांचं उत्तर आपल्याला प्लेटवरून आधीच माहीत आहे, असे शेकडो नमुने त्याला दाखवायचे. हे लागू, हे लागू नाही, हे लागू. मग ते स्वतः ओळखायला लागतं. चारशे स्लाइड करायच्या ठरल्या. प्लेट वाचायच्या बाईंनी, औषधात ठेवून स्लाइडवर पसरवायचं मी, आणि कुठल्या स्लाइडचं उत्तर काय, त्या यादीवर सही बाईंची.

अडचण एकच आली. पसरवलेला नमुना वाळला की दिसत नाही. काच आणि काचेवर काही नाही, असंच दिसतं. मॅडम म्हणाल्या, "अरे, किरण नेमका कुठे सोडायचा तेच सापडत नाही." त्या रात्री मी विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक स्लाइडच्या मागच्या बाजूला, नमुन्याच्या बरोबर खाली, मार्करने एक ठिपका काढला. ठिपक्यावर किरण सोडला की नमुना सापडलाच. मॅडम खूश झाल्या. सरांनी जिन्यात माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी मी ते दोनदा सांगितलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मला आणखी एक भीती होती. चारशे स्लाइडमध्ये एखादी इकडची तिकडे झाली तर? बाबा पाटी रंगवताना प्रत्येक रंगाचा ब्रश वेगळा ठेवतात. मी तसंच केलं. ज्यांना औषध लागू, त्यांना हिरवा ठिपका. ज्यांना लागू नाही, त्यांना लाल. मॅडमनी एकदा विचारलं, "रंग दोन का रे?" मी म्हटलं, "ओळखायला सोपं जावं म्हणून." त्या म्हणाल्या, "छान." मीही खरं बोललो होतो, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

ओळखायला सोपं गेलं. यंत्रालाही.

तीनशे स्लाइडवर यंत्र शिकलं. उरलेल्या शंभरावर त्याची परीक्षा घेतली. शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. सरांनी सगळ्यांना पेढे दिले. बाईंनी तेवढा आपला पेढा कागदात गुंडाळून ठेवला. मी विचारलं, "बाई, आनंद नाही का झाला?" त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत माझी अठ्ठ्याण्णव आली नाहीत. जावई पहिल्याच वर्षी आणतोय. बघू."

मग तो दिवस आला. बाहेरून समितीचे पाहुणे येणार होते. त्यांना यंत्र चालवून दाखवायचं होतं, आणि तेही खऱ्या, नव्या नमुन्यावर. चौथ्या मजल्यावर एक गवंडी दाखल होता. पायाची जखम चिघळली होती, ताप तीन दिवस उतरत नव्हता. तिथले डॉक्टर सकाळपासून फोन करत होते, की ज्या औषधावर यंत्र शिकलं आहे तेच आम्ही द्यायच्या विचारात आहोत, लागू पडेल की नाही एवढं संध्याकाळच्या आत सांगा. सर त्यांना म्हणाले, "संध्याकाळ कशाला, पाहुण्यांच्या देखत सांगतो."

आदल्या दिवशी आलेल्या त्या गवंड्याच्या नमुन्यातून रात्रीत वाढलेल्या जंतूंची स्लाइड मी केली. जंतू अर्धा तास औषधात ठेवले, काचेवर पसरवले, वाळवले. स्लाइड उलटी केली, मार्कर हातात घेतला आणि थांबलो. आजवर प्रत्येक स्लाइडचं उत्तर मला आधी माहीत असायचं. याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या हातात हिरवा मार्कर होता. त्याला काही कारण नव्हतं, लालचं टोपण हरवून तो वाळला होता. हिरवा लावून मोकळं व्हावं, असं मनात आलं. पाहुणे सरांच्या खोलीत चहा घेत होते, उशीर झाला असता तर बोलणी बसली असती. पण नियम आठवला. मी बाईंकडे गेलो आणि म्हटलं, "बाई, ठिपका कुठला लावू?"

बाई नोंदवहीत लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कसला ठिपका?"

"स्लाइडखालचा. हिरवा की लाल?"

"नेहमी कुठला लावतोस?"

"लागू असेल तर हिरवा. नसेल तर लाल. याचं माहीत नाही, म्हणून विचारलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी फक्त विचारलं, "चारशेच्या चारशे?"

मी म्हटलं, "हो. परीक्षेच्या शंभरातल्या दोन स्लाइडवरची शाई माझ्या अंगठ्याने पुसली गेली होती. बाकी सगळ्यांवर आहे."

"दोन," बाई म्हणाल्या. "म्हणजे अठ्ठ्याण्णव."

मला तेव्हाही कळलं नव्हतं. बाईंनी पेटीतून दोन कोऱ्या स्लाइड घेतल्या. नुसती काच, जंतू नाही, काही नाही. एकीच्या मागे हिरवा ठिपका काढला. दुसरीसाठी वाळलेला लाल मार्कर स्पिरिटमध्ये बुडवला आणि ठिपका उमटवला. काळ्या पडद्याच्या खोलीत जाऊन, चपला बाहेर काढून, त्यांनी दोन्ही यंत्राला दिल्या. यंत्राने घुर्र केलं, नेहमीएवढाच वेळ घेतला आणि पहिल्या कोऱ्या काचेबद्दल सांगितलं, औषध लागू. दुसऱ्या कोऱ्या काचेबद्दल सांगितलं, औषध लागू नाही.

मॅडम तिथेच होत्या. त्या खुर्चीत बसल्या. बाई म्हणाल्या, "हुशार आहेत. रोगी नसतानाही निदान करतात."

यंत्राची काही चूक नव्हती. आपण त्याला चारशे वेळा दोन गोष्टी दाखवल्या, जंतू आणि शाई. शाई जंतूंपेक्षा ठळक चमकते. त्याने सोपं होतं ते पाठ केलं. मी शाळेत तेच करत होतो, म्हणून बारावीच्या उंबरठ्यावर अडकलो.

मॅडम, आपण त्या वेळी एक शब्दही मला बोलला नाहीत. त्याबद्दल आपले आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

मग बाई सरांच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो, पण दाराबाहेर ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे काचसामान वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायच्या भांड्यापाशी, थांबलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

बाई म्हणाल्या, "सर, आज यंत्र दाखवता येणार नाही."

सर म्हणाले, "बाई, पाहुण्यांचा चहा चालू आहे."

"त्यांना दुसरा द्या."

मग सर दाराशी आले, आवाज खाली आणून बोलले. काय झालं ते बाईंनी सांगितलं. सरांनी विचारलं, "कोणाचा हा उद्योग?"

"माझ्या विभागात झालं."

"ते समजलं. नाव विचारतोय."

"यादीवर सही कुणाची आहे ते बघा. माझीच आहे ना? मग झालं."

मी ऑटोक्लेव्हपाशी उभा होतो. दार उघडं होतं. सहा पावलं होती, नंतर मी ती मोजली. मला फक्त आत जाऊन चार शब्द बोलायचे होते. मी ऑटोक्लेव्हचा दाब किती आला आहे ते बघत राहिलो. ऑटोक्लेव्ह बंद होता.

त्यानंतर बाईंनी चौथ्या मजल्यावर फोन केला. "डॉक्टरसाहेब, यंत्राचं उत्तर धरू नका. यंत्राला उत्तर येत नाही. चकत्यांची प्लेट मी लावलेली आहे, उद्या अकराला सांगते." यंत्राला नमुना दिला तरी बाई आपली प्लेट लावतच असत, हे मी सांगायचं विसरलो. त्यावर डॉक्टरांनी वाट न बघता दुसरं, जास्त जहाल औषध सुरू करायचं ठरवलं. तो निर्णय त्यांचा.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधी आल्या. अकराला प्लेट उघडली. त्या चकतीभोवती कडंच नव्हतं, जंतू चकतीला येऊन चिकटले होते. बाईंनी सवयीने पट्टी लावली, दोनपासून मोजलं, दोन वजा केले आणि म्हणाल्या, "मोजायला काही नाही." म्हणजे ते औषध लागू नव्हतं, आणि आदल्या दिवशी माझ्या हातात हिरवा मार्कर होता. मी विचारलं नसतं, तर पाहुण्यांच्या देखत 'लागू' असं उत्तर आलं असतं आणि त्या माणसाला ते औषध चढवलं गेलं असतं.

तो गवंडी बरा होऊन घरी गेला. त्याचं काही पत्र वगैरे आलं नाही. बरे झालेले लोक प्रयोगशाळेला पत्र लिहीत नाहीत, आणि हे चांगलं लक्षण आहे.

समितीच्या अहवालात बाईंचं नाव आलं. त्या वर्षी उत्कृष्ट सेवेसाठी बाईंची शिफारस जायची होती, ती गेली नाही. मी बाईंना म्हटलं, "मी सरांना सांगतो." त्या म्हणाल्या, "तुझं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे. माझी बत्तीस वर्षं झाली आहेत. एवढ्याशा डागाने मला काही होत नाही, तुला होईल. शिवाय तू विचारलंस. न विचारता हिरवा लावला असतास तर मी तुला स्वतः हाकललं असतं. जा, स्लाइड धू."

चारशे स्लाइड धुतल्या. मग सहाशे नव्या केल्या, ठिपक्यांशिवाय. नमुन्याची जागा कळावी म्हणून बाईंनी युक्ती काढली. काच कापायच्या टोकदार पेन्सिलीने सगळ्या स्लाइडवर एकाच जागी एकसारखा ओरखडा. कुठल्या स्लाइडचं उत्तर काय, हे ना मला माहीत ना मॅडमना. ती यादी बाईंच्या कपाटात, आणि किल्ली बाईंच्या पदराच्या गाठीला. मॅडम एकदा म्हणाल्या, "बाई, एकदाच बघू द्या ना." बाई म्हणाल्या, "जावयाला पेपर फोडून द्यायचा का?" आठ महिन्यांनी परीक्षा झाली. शंभरात एक्क्याण्णव. सरांना अठ्ठ्याण्णवची आठवण येते, हे मला माहीत आहे. पण हे एक्क्याण्णव जंतूंचे आहेत. आणि राहिलेल्या नऊंसाठी अजून रोज प्लेट लागते.

पाहुण्यांच्या त्या दिवसाला एक वर्ष आणि दोन महिने झाले. मी बोललो नाही. खरं सांगायचं तर सवय झाली होती. मग मागच्या सोमवारी मानपत्र माझ्याकडे तपासायला आलं. ते वाक्य वाचलं आणि सरांकडे गेलो. म्हटलं, "सर, तिसऱ्या परिच्छेदात चूक आहे." सर घाईत होते. म्हणाले, "वेलांटी, तू ऱ्हस्व-दीर्घ बघ. मजकूर बघू नकोस." बुधवारी परत गेलो, सर बैठकीत होते. शुक्रवारी मानपत्राची चौकट करून आली होती.

चौकट बघून मला बाबांचं बोलणं आठवलं. ते म्हणतात, पाटी दुकानावर चढेपर्यंत चूक रंगाऱ्याची असते, एकदा चढली की दुकानदाराची होते. काकांनी घरी, बाहेरच्या खोलीत, भिंतीला खिळा आधीच ठोकून ठेवला आहे. मला हे बाईंच्या लेकीनेच कौतुकाने सांगितलं. येणारे-जाणारे चहा घेता घेता वाचतील, 'बाईंच्या हातून झालेली गंभीर चूक'. ताई, आपली मुलं त्यावरून अक्षरं वाचायला शिकतील. शुद्धलेखनात त्यांना चूक सापडणार नाही, त्याची मी खात्री देतो. म्हणून जास्त वाईट वाटतं.

काल रात्री घरी हे भाषण वाचलं. माझं कंत्राट या महिनाअखेर संपतं. फाइल सरांच्या टेबलावर आहे, डावीकडून दुसरी. आई म्हणाली, "अरे, उद्याच कशाला? कायम झाल्यावर बोल." बाबा ब्रश धूत होते. ते म्हणाले, "कायम झाल्यावर कोण बोलतं?" मग दोघांचं वाजलं, आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन उरलेलं वाचलं.

बाई म्हणताहेत, "अरे, पुरे आता." मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल म्हणून सांगितलं. तीनच परिच्छेद राहिले आहेत, बाई.

अध्यक्षमहोदय, माझी एक विनंती आहे. मी मानपत्राची दुसरी प्रत लिहून आणली आहे. कागद त्याच मापाचा, अक्षर त्याच आकाराचं, सगळं शब्दशः तेच. फक्त तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य वेगळं आहे, ते असं. "नव्या यंत्राच्या पहिल्या चाचणीत काचसामान साहाय्यकाच्या हातून झालेली गंभीर चूक बाईंनी वेळीच ओळखली, एका रुग्णाला चुकीच्या औषधापासून वाचवलं, आणि दोष स्वतःवर घेतला." साहाय्यकाचं नाव खाली कंसात लिहिलेलं आहे. खाली आपल्या सहीसाठी जागा मोकळी सोडली आहे. पेन या कागदाच्या वर ठेवतो, चालतं, मी तपासलं आहे. चौकटीच्या मागचे चार खिळे मी सकाळी सैल करून ठेवले आहेत, काच काढायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. आपण सही केली नाहीत, तर जुनी प्रत आहे तशीच आत राहील आणि खिळे मी परत घट्ट करीन. ते काम माझंच आहे, आणि महिनाअखेरपर्यंत मी आहे.

बाई, आपल्याला निरोप देताना काय म्हणावं, ते मला माहीत नाही. आपल्या टेबलावरची पट्टी आपण आज माझ्याकडे दिलीत. मी दोनपासून मोजीन. आणि झाकण उघडण्याआधी विचारायला आता कुणाकडे जायचं, हा माझा पहिला प्रश्न आहे. त्याचं उत्तर आज नको, आज आपली सुटी आहे. काकांचा फोन क्रमांक मी लिहून घेतला आहे.

अध्यक्षांनी, मॅडमनी आणि सभागृहाने माझं म्हणणं एकोणीस मिनिटं ऐकून घेतलं, खुर्च्या नसलेल्यांनी उभं राहून ऐकलं, त्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. त्यातली प्रत्येक चूक माझी आहे. या वेळी तिच्याखाली बाईंनी सही करू नये, एवढी शेवटची विनंती करतो आणि खाली बसतो.